रामाकोन्याची रेती

सरलाचा घाम थांबला तेव्हा हिरामण घाबरला. तोवर तो तिला टॉवेलनं वारा घालत होता आणि आता बरं वाटेल, आता बरं वाटेल, असं म्हणत होता. तिचं कपाळ भाजत होतं आणि अगदी कोरडं होतं. तिनं डोळे उघडले, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याच्या मागं कोणी उभं असावं तसं पाहिलं, आणि परत मिटले.

भर दुपार होती. रामाकोना गावाच्या खाली कन्हान नदीचं पात्र कोरडं पडलं होतं. जिकडं पाहावं तिकडं रेती. सावली म्हणजे हिरामणचा मित्र मोतीराम याच्या टरबुजाच्या वाडीतला मांडव, चार बांबूंवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकून केलेला. तेवढ्या सावलीत चार माणसं.

इथं येणं हे हिरामणचंच खूळ. तो सौसरला शाळेत शिपाई होता. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुट्ट्या लागल्या आणि त्यानं ठरवलं, बायको, पोरगी, माय, सगळ्यांना घेऊन चार दिवस मित्राच्या वाडीवर राहायचं. अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीनं जायचं, रेतीवर चूल मांडायची, टरबूज खायचं, उघड्यावर झोपायचं. सरला म्हणाली होती, लोक उन्हाळ्यात पचमढीला जातात, आपण भट्टीत चाललो. तो हसला होता. लग्नाला चौदा वर्षं झाली, कुठं नेलं नाही म्हणून तूच तर रडतेस, असं तिला ऐकवलं होतं.  तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी ती सकाळपासून मोतीरामबरोबर वेलींना पाणी घालत राहिली. फुकटचं खायचं तिला जमत नसे. दुपारी होती तिथंच मटकन बसली.

ऊन लागलं होतं. मोतीराम गावाकडं पळाला. डॉक्टर नाही तर बैलगाडी, जे मिळेल ते घेऊन येतो म्हणाला. त्याला जाऊन तास झाला होता. अकरा वर्षांची सुधा पात्रात पलीकडं उरलेल्या बारीक धारेवरून पाणी आणत होती, आईच्या अंगावरची चादर भिजवत होती, परत पळत होती. ती येईपर्यंत चादर वाळत होती. हिरामणनं कैरीचं पन्हं तोंडाशी धरलं. ते गालावरून रेतीत गेलं.

त्याची माय, मनकर्णा, काशाची वाटी घेऊन बसली. उन्हाळ्यात ही वाटी तिच्यासोबत जिथं तिथं असे. तिनं सुनेच्या तळपायांना तूप लावलं आणि वाटीनं चोळायला लागली. वाटी काळी पडली की उष्णता उतरली, अशी तिची खात्री होती. सासूनं सुनेचे पाय धरले, याचं तिला काही वाटलं नाही. पण बोटं वातानं वाकडी झालेली. वाटी हातातून पडली. उचलली, परत पडली.

हिरामणनं हात पुढं केला.

“तू नको,” मनकर्णा म्हणाली. “नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावू नाही. पाप तिले लागते. अशीच चालली हाये, तू अजून काहून लोटतं?”

त्याचा हात तिथंच राहिला. हे तोही मानत होता. सरला तर जास्तच मानत होती. झोपेत तिचा पाय त्याला लागला तर ती उठून बसे आणि हात जोडे. त्यानं गावाच्या वाटेकडं पाहिलं. कोणी येत नव्हतं. सुधा पाणी घेऊन आली. आई बोलून काहून नाही राहिली, असं तिनं विचारलं. मग ती रिकामी बादली घेऊन परत पळाली.

हिरामणनं मायच्या मांडीवरची वाटी उचलली आणि सरलाचा पाय हातात घेतला.

 मनकर्णा उठली, मांडवाच्या टोकाशी गेली, त्याच्याकडं पाठ करून बसली आणि पदर पुढं ओढला. हिरामणला वाटलं, मायनं आपल्याला टाकलं. एकदा रुसली की ती महिना महिना बोलत नसे. आता सरलाचं काही बरंवाईट झालं, तर ती ते जन्मभर त्याच्या माथी मारणार होती. आणि ते खोटंही नव्हतं. इथं आणलं कोणी?

तो चोळत राहिला. टाचांना भेगा होत्या, भेगांत रेती भरली होती. चौदा वर्षांत हे पाय त्यानं नीट पाहिलेही नव्हते. सरला त्यांना हात लावू देत होती, याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. शुद्धीवर असती तर तिनं लावू दिला नसता. वाटी काळी पडली तरी तो थांबला नाही. देवाचं नाव घ्यायचंही त्याला सुचलं नाही. पाय ओढ, एवढंच तो मनात म्हणत होता. ओढून घे न वं. एकदा ओढ.

सावली सरकून मांडवाबाहेर गेली. सुधाच्या किती खेपा झाल्या ते कोणी पाहिलं नाही. मग सरलाच्या गळ्यावर ओल दिसली. चादरीचं पाणी असेल म्हणून त्यानं पुसलं. ओल परत आली, घामाची. आणि त्याच्या हातातला पाय ताठ झाला, मागं ओढला गेला.

“सोडा न जी,” सरला म्हणाली. आवाज जेमतेम निघाला. “आत्याबाई पाहून राहिल्या.”

हिरामणनं पाय सोडला नाही. 

मांडवाच्या टोकाशी मनकर्णा तशीच बसली होती. तिनं मान वळवली नाही. समोर कोरड्या पात्रात टेकाडापर्यंत नुसती रेती होती.

“मी कायले पाहू वं?” ती म्हणाली. “मी त मघापासून नदी पाहून राहिली.”