अकरावं मिनिट

घर बघायला आलेल्यानं दहा मिनिटांच्या आत निघायचं, हे चारुशीलाला पाठ होतं. त्यानंतर शेजारी बसलेल्यांची पत एकमेकांत मिसळायला लागते. तिच्या मनगटावर पतीचा नव्हे, पत दाखवणारा तीसचा आकडा लाल जळत होता; भावाला जामीन राहिल्याचं फळ. भाडेकरूचे पन्नास भरल्याशिवाय इथलं दार हिरवं व्हायचं नाही. घरमालकीण खानोलकर काकूंचे होते अठ्ठ्याहत्तर.

"निघते काकू, नऊ मिनिटं झाली."

"चहा न घेता? आमच्यात तशी पद्धत नाही."

काकू बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालत बसल्या. चारुशीलानं घाईघाईत घोट घेतला, जीभ पोळली. ती उठली तशी काकूंनी तिचा हात घट्ट धरला.

दहा मिनिटं उलटली. काकूंचा आकडा घसरू लागला. सत्तर. साठ.

"सोडा, काकू! साठाच्या खाली गेलात तर डॉक्टर घरी यायचा नाही!"

दोघींचे आकडे चोपन्नावर थांबले. दार हिरवं झालं.

"अठ्ठ्याहत्तरचं काय लोणचं घालायचं होतं?" काकूंनी बशी तोंडाला लावली. "चार वर्षांत या घरात अकरावं मिनिट कुणी बसलं नव्हतं."