मास्तरांची किल्ली

"बाबा उठायच्या आत होईल ना?" लेकीने विचारलं.

किल्लीवाल्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत आपल्या मशीनची वायर खोचली. "मास्तर कधी उठतात?"

"चहाच्या वेळेला."

"मग होईल."

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. लेकीचा एक डोळा मागच्या दारावर होता. ऑफिसात अर्धी रजा टाकून बापाच्याच घरात चोरासारखं उभं राहायची पाळी आली, याचं तिला वाईट वाटत होतं. पण इलाज नव्हता.

मास्तरांनी सारी हयात लोकांना गाडी शिकवण्यात घालवली. हा किल्लीवालाही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आधी सीट, मग आरसा, मग किल्ली, हा त्यांचा पहिला धडा. आता नजर अधू झाली होती. गेल्या वर्षी फाटकाचा खांब दिसलाच नाही आणि गाडी सरळ त्याच्यावर घातली. खांबाच्या जागी शेजारचं पोर असतं तर, या विचाराने लेकीची झोप उडाली होती. पण ज्याने अर्ध्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्याला 'आता गाडी सोडा' म्हणून सांगायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला घरातलं कुणीच पुढे येत नव्हतं.

आणि मास्तर तर खांब पाडल्यापासून जास्तच हट्टाला पेटलेले. दर रविवारी सकाळी फोन. "मी जरा तळ्याकडे चक्कर मारून येतो. तू धावत येऊ नकोस." की ही हातातलं काम टाकून, गावाच्या दुसऱ्या टोकाहून, जीव मुठीत धरून धावत यायची. पूर्वी दोन-दोन महिने तिला इकडे फिरकायला जमत नसे. आता एक रविवार चुकत नव्हता.

ती पोचेपर्यंत मास्तर गाडीत बसलेले असायचे, अगदी निघायच्या बेतात. "तुझी किल्ली आहे ना? मग लाव ती," म्हणत कुरकुरत बाजूच्या सीटवर सरकायचे. ती बसायची आणि लगेच निघायची. सीटला, आरशाला हात लावावा लागत नसे. मग तळ्यापर्यंत जाऊन येणं, आणि वाटभर मास्तरांनी तिच्या क्लचवरच्या पायाला नावं ठेवणं.

"एक किल्ली काढायची तर दुसरी नव्याने नोंदवावी लागते. दोन्ही द्या," म्हणत किल्लीवाल्याने हात पुढे केला. लेकीने स्वतःची किल्ली दिली, आणि दाराजवळच्या खिळ्यावरून हळूच काढून आणलेली मास्तरांचीही.

"नेमकं काय करता यात?"

"किल्लीच्या मुठीत चिप असते," तो म्हणाला. "तिला सेल लागत नाही. किल्ली लावली की कुलपाभोवतीची तारेची कडी तिला जागं करते. गाडी विचारते, तू कोण? चिप आपला नंबर सांगते. ओळख पटली तर गाडी चालू. नाही पटली तर इंजिन एकदा खोकतं आणि बसतं. दार उघडतं, किल्लीही फिरते. गाडी तेवढी हलत नाही."

"म्हणजे बाबांना वाटेल, बिघाड झालाय."

तिच्या किल्लीचं चामड्याचं पाकीट त्याने अंगठ्याने चाचपलं. "हे कुठून घेतलंत?"

"बाबांनी शिवून घेतलं. त्यासाठी गेल्या वर्षी दोन दिवस किल्ली ठेवून घेतली होती माझी."

"हं. चांगलं आहे."

मग तो मशीनच्या पडद्याकडे बघत राहिला. एक-दोन बटणं दाबली, वायर काढली, आणि मास्तरांची किल्ली लावून फिरवली. इंजिन खोकलं आणि बसलं.

"गाडी या किल्लीला ओळखत नाही," तो म्हणाला.

"एवढ्यात झालं?"

"काम तेवढंच होतं." वायर गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "रविवारी येता ना तुम्ही?"

"यावंच लागायचं. आता नाही लागणार."

त्याने मान खाली घालून पिशवी उचलली. पैसे घेतले नाहीत. मास्तरांची गाडी आहे, म्हणाला.

घरी नवरा म्हणाला, "चला, सुंठीवाचून खोकला गेला." लेकीला हसू आलं नाही. बापाला फसवल्यासारखं वाटत होतं, आणि सुटल्यासारखंही.

रविवारी फोन आला. "मी जरा तळ्याकडे चक्कर मारून येतो. तू धावत येऊ नकोस."

"बरं बाबा. सावकाश जा."

पलीकडे कपांची किणकिण चालली होती, ती थांबली. मग "बरं," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

लेकीने कधी नव्हे तो निवांत बसून चहा घेतला. आता परत फोन येईल, गाडी सुरू होत नाही म्हणतील, मग मेकॅनिक पाठवते म्हणायचं आणि विषय लांबवत न्यायचा, असं तिने ठरवून ठेवलं होतं. फोन आला नाही. जेवायची वेळ झाली तरी नाही. ती अर्धं जेवण टाकून ताटावरून उठली आणि निघाली.

शेड उघडीच होती. मास्तर गाडीत बसले होते, गुडघे स्टिअरिंगला टेकवून. एवढा उंच माणूस, पण सीट मागे घ्यायची तसदी घेतली नव्हती. बाजूच्या सीटवर थर्मास आणि दोन कप. दोन्ही कोरडे होते.

"सकाळपासून इथेच बसलाय?"

"हं."

पाठ करून आणलेलं खोटं तिच्या तोंडातून निघेना. ती गाडीच्या दाराशी उकिडवी बसली. "बाबा, गाडी बिघडलेली नाही. तुमची किल्ली मी बंद करून घेतली. तुमच्या नकळत. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? रागवा हवं तर, पण मला दुसरं काही सुचलं नाही."

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. ते रागावले नव्हते.

"ही तर मी गेल्या वर्षीच बंद करून घेतली," ते म्हणाले. "तुझं पाकीट शिवायला टाकलं होतं ना, तेव्हा."