वळचणीचं पोळं

नवरा गेल्यापासून ओयनिसाच्या दिराने तिला मर्गिलान शहरातलं घर विकायला लावण्याचा चंगच बांधला होता. वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं आणि त्याला निमित्तच सापडलं.

"वहिनी, घराला पुरुष लागतो. बघा आता," म्हणत तो पेटता बोळा घेऊन शिडीवर चढला. माश्या उठल्या, तो द्राक्षांच्या मांडवात कोसळला आणि बोंबलत थेट दारापुढच्या पाटाच्या पाण्यात जाऊन बसला. इकडे छपराचे वासे धुमसू लागले. ओयनिसाने ओली गोधडी डोक्यावर घेतली, शिडी चढून बादलीभर पाणी ओतलं आणि पोळं झाडूने खाली पाडलं. मग पाटाच्या काठावर येऊन त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहत ती म्हणाली,


"घर विकायचं नाही, भावजी. आणि तुमच्याकडे पोळं झालं, तर हात लावू नका. मला बोलवा."