रविवारची शिटी

शिटी रिंकूच्या गळ्यात पडली, आणि पंधरा दिवसांच्या शिबिरात टेकचंद सर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "कोनाची चिठ्ठी निघाली म्हन्ता?"

नियम त्यांचाच होता. सोमवार ते शनिवार पोरांना पहाटे पाचला उठवायचं, तलावाच्या पाळीवरून पळवायचं, पाण्यात उतरवायचं. रविवारी आराम. "बैलाले मोडा राहते, त्या दिवशी मानेवर जू नाई. तसा पोट्ट्यायचा रविवार," असं सरच म्हणायचे. त्या दिवशी चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याच्या गळ्यात शिटी, आणि जेवणाच्या घंटीपर्यंत सरांनी त्याचा हुकूम पाळायचा. मागच्या रविवारी गुड्डूनं त्यांना दोन किलो कांदे चिरायला बसवलं होतं. सर रडले. पोरं पोट धरून हसली.

आज रिंकू. नेमका रिंकू. गोंदिया शहरातलं पोरगं, आठवड्याभरात घोट्याच्या वर भिजलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याचा कान दुखत होता. दुसऱ्या दिवशी पोट भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पायात काटा. नवशिक्यांच्या कमरेला तलावात मासे धरणारा छोटेलाल वाळका भोपळा बांधायचा, बुडू नये म्हणून. रिंकूचा भोपळा आठवडाभर कोरडाच. सरांनी साऱ्या शिबिरासमोर त्याचं बारसं केलं, "कोरडा भोपळा." त्या दिवसापासून त्याला आईबापानं ठेवलेल्या नावानं कोणी हाक मारली नाही.

"आमच्या खापरपणज्यानं बांधला हा तलाव," सर रोज सांगायचे. "आमच्या घरचं पोट्टं आधी पोहते, मंग चालते." शिबिराच्या पत्रकावर छापलंही होतं, जलतरण : टेकचंद सर. छापणाऱ्याचं काय जातं? पाण्यात पोरांना धरायला डोंगा घेऊन छोटेलाल असायचा. सर पाळीवर. भित्र्याला भित्रा म्हणायला छाती लागत नाही. काठ पुरतो.

"भोपळ्या, सरले उडी मारायले लाव!" गुड्डू ओरडला.

आंब्याखाली लोळत असलेली पोरं कैऱ्या टाकून धावली. चाळीस पोरं पाळीवर. रिंकूनं शिटी फुंकली आणि खोल पाण्याकडे बोट केलं.

"सर, उतरा."

सर हसले. "आज नाई रे बाबू. सकाळपासून कान ठणकून राहिला."

"हॅऽऽऽ!" पोरं.

"आन् पोहे जास्त झाले. भरल्या पोटानं पोहू नये."

"सर! सर! सर!"

सर दगडाच्या दोन पायऱ्या उतरले. चप्पल काढली. मग पाय उचलून तळवा पाहिला. "काटा गेला वाटते."

रिंकूची शिटी ओठावरच राहिली. कान. पोट. काटा. त्यानं सरांच्या पायांकडे पाहिलं. बोटं दगडाला घट्ट धरून होती. अशी बोटं त्याच्या ओळखीची होती. तिकडे डोंग्यात छोटेलालनं तोंड फिरवलं आणि जाळं नीट करायला घेतलं. जाळं नीटच होतं.

एक शिटी फुंकायचा अवकाश. एका फुंकरीत आठवड्याचा हिशोब चुकता झाला असता, आणि उद्यापासून भोपळा म्हणून दुसऱ्याच कुणाला हाक गेली असती.

रिंकूनं शिटी फुंकली. लांब.

"सगळे मागे! कोनी पान्यात उतरनार नाही. सर बी नाही. आज तलावाचा मोडा."

"मोडा बैलाचा राहते बे!" गुड्डू तडकला.

"शिटी मेरे पास है ना? सहा दिवस तुम्ही त्याच्या अंगावर नाचून राहिले. त्याले आराम नको?"

पोरं कुरकुरली. भोपळा तो भोपळाच, म्हणाली. सरांची पंचाईत बघायची सोडून परत आंब्याखाली जाऊन पडली.

सर पायरीवर बसले. डाव्या पायात उजवी चप्पल घातली, काढली, पुन्हा तीच घातली. रिंकू हलला नाही. सरांनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं, मग टाळणंही जमेना.

"छोटेलाल," ते पाण्याकडे बघत म्हणाले, "उद्या चारले ये. पोट्टे उठायच्या आधी. भोपळे दोन आन."

"दोन कायले, सर?" छोटेलालनं उगाचच विचारलं.

"एक या रिंकूले," सर म्हणाले. "आन् एक तलाव बांधनाऱ्याच्या खापरपणतूले."