दोरा का तुटतो

"दूर म्हणजे किती दूर?" आईने विचारलं.

"खूप दूर. दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर. हा बंद पडला, तरी पुस्तक तिथे शाबूत राहील."

"आणि तिथवर न्यायचं कोणी?"

"न्यायचं नाही गं, ढकलायचं. पुश."

"पुस्तक ढकलायचं? तुझे बाबा शिलाई मशीनसुद्धा कोणाला ढकलू द्यायचे नाहीत. उचला म्हणायचे."

लेक हसली.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशिनं दुरुस्त केली आणि शेवटची दोन वर्षं त्याच विद्येचं पुस्तक लिहिलं. लेकीने फोनवरून शिकवलं तसं ते रोजचं काम जतन करायचे, सोबत एक ओळ टाकायचे. 'बॉबिनचं प्रकरण पूर्ण.' 'कारभारणीने चूक काढली. दुरुस्त.' ढकलायचं मात्र रोज उद्यावर. शेवटचं प्रकरण, 'दोरा का तुटतो', दीड पानावर थांबलं होतं. कॉम्प्युटर आता सुरू होतानाच धापा टाकत होता. तो गेला की सगळंच गेलं.

आईने चष्मा पुसून स्टूल जवळ ओढलं. टॅबवर गाणी लावण्यापलीकडे आपली मजल नाही, असं ती सांगायची.

"इथली वेलांटी चुकलीय," पहिल्याच पानावर बोट ठेवत ती म्हणाली.

"मग सुधार. तीच पाठवू."

आईने वेलांटी सुधारली. लेकीने ती जतन केली. मग बाबांच्या वहीतला दूरचा पत्ता आईने एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत टाईप केला. उत्तर आलं: या नावाचं ठिकाण आधीच जोडलेलं आहे.

"बघ, बाबांनी जोडून ठेवलं होतं. नुसतं ढकलायचं राहिलं."

"त्यांचं नेहमी तेवढंच राहायचं. जोरात दाबलं तर फुटेल का गं हे?"

"आई!" लेकीला हसू आवरेना. "दाब तू बिनधास्त."

आईने दाबलं. नकार आला. तिकडे असं काम आहे, जे तुमच्याकडे नाही. आधी ते ओढून घ्या.

"हे कसं शक्य आहे?" लेक पुटपुटली.

"मी चहा टाकते," म्हणत आई उठली.

लेकीने तिकडचं काम ओढून घेतलं. 'दोरा का तुटतो' सतरा पानांचं होऊन आलं. पुरं झालेलं. सोबतच्या ओळी सगळ्या या चार महिन्यांतल्या, टॅबवरून पाठवलेल्या. लिहिणाऱ्याचं नाव प्रत्येक ठिकाणी एकच: कारभारीण.

शेवटची ओळ आज सकाळची होती.

'लेक हे शिकवायला येतेय. आज मला यातलं ओ की ठो कळत नाही. परवा फोनवर हे ठरवताना चार महिन्यांनी हसली ती.'