डावं कपाट

दुपारी चार वाजता जादुई प्रवासाच्या बालचित्रपटाचा शेवटचा शॉट सुरू झाला. नायिका डाव्या कपाटात शिरते आणि क्षणात दुसऱ्या जगातल्या उजव्या कपाटातून बाहेर पडते. या भूमिकेत जुळ्या बहिणी होत्या. थोरली आत जायची, धाकटी बाहेर यायची; टाळ्या धाकटीला. पोस्टरवर चेहरा दोघींचा, नाव धाकटीचं. "काका, आज मी बाहेर येऊ?" थोरलीने सकाळी दिग्दर्शकाला विचारलं होतं. "अगं, तुझ्याइतकं छान गायब कुणाला होता येतं?" तो हसला होता. आता थोरली आत शिरली. उजवं कपाट उघडलंच नाही; त्याला बाहेरून कुलूप होतं. आतून धाकटीने दारावर थापा मारल्या. "ताई, दार उघडत नाहीये गं!" दिग्दर्शक डाव्या कपाटाकडे धावला. "त्या कुलपाची किल्ली तुझ्याकडे आहे ना? बाहेर ये बघू!" "कशी येऊ, काका? मी गायब झालेय." डावं कपाट अजून आतून बंद आहे.