कैलासवासी सातव्या मजल्यावर

तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बोलण्यावर कोणाचाच बसत नाही, त्यामुळे मला त्याचं काही वाटतही नाही. पण गुरुवारी दुपारी बारा वाजता एक मेलेला माणूस लिफ्टने सातव्या मजल्यावर आला, आणि बाहेर पडता पडता लिफ्ट फार रेंगाळते म्हणून कुरकुरलाही.

त्या वेळी काचेच्या खोलीत त्याचा नातू त्याच्याच मरणाची गोष्ट सांगत होता. नातू सत्तावीस वर्षांचा, कंपनीचा मालक. समोर गुंतवणूकदार बाई. बाईंनी आज सही केली तर कंपनी तरणार, नाही तर बाहेर बसलेली अकरा पोरं सोमवारपासून घरी. आणि बाई अशा, की बसण्याआधी खुर्ची हलवून बघतात.

"आजोबा हृदयाची एक गोळी विसरले आणि गेले," टेबलावरचा काळ्या चौकटीतला तरुणपणीचा फोटो पुढे सरकवत नातू म्हणाला. "त्याच दिवशी ठरवलं, ही डबी बनवायची."

डबी सात वारांच्या सात कप्प्यांची. गोळीची वेळ झाली की बोलायची. झाकण उघडलं की इथे भिंतीवरच्या पडद्यावर त्या ग्राहकापुढे हिरवा ठिपका. पडदा नुसता हिरवागार होता.

"शंभरातले अठ्ठ्याण्णव जण रोज गोळी घेतात."

"कशावरून?" बाईंचा हा आवडता शब्द.

तेवढ्यात दार ढकलून म्हातारा आत आला. पिशवीतून डबी काढून त्याने टेबलावर आदळली. "हिला आधी गप्प कर. उठल्या उठल्या कोकलते!"

नातू पांढराफटक पडला. "हे... हे काका. आमचे सगळ्यात पहिले ग्राहक."

म्हाताऱ्याने नातवाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, काळ्या चौकटीत स्वतःकडे पाहिलं. जन्मभर थापा मारून पिकलेला माणूस. त्याला एवढं पुरलं.

"गेला बिचारा," खुर्ची ओढत तो म्हणाला. "लंगोटीयार होता माझा."

बाईंनी फोटो उचलला. फोटोतलं नाक बघितलं, समोरचं बघितलं. "नाक अगदी तेच आहे."

"एकाच बाकावर होतो ना. मास्तर दोघांची नाकं एका चिमटीत धरायचे."

"ते गेले तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो म्हणजे? माझ्याशिवाय गेलाच नसता तो!"

नातवाने टेबलाखालून पाय मारला. पण स्वतःचं मरण स्वतःच्या तोंडाने सांगायची संधी कोणाला मिळते? म्हातारा सुटला. इतकी माणसं लोटली की मढ्यालाच पुढे जायला वाट मिळेना. कधीच कोणी न पाहिलेल्या तीन बायका मागे उभ्या राहून हमसून हमसून रडत होत्या. सावकारसुद्धा रडला, पण त्याचं कारण वेगळं.

"शेवटी काही बोलले?" बाईंनी विचारलं.

म्हातारा नातवाकडे वळला. "म्हणाला, नातवाला सवड झाली की पाठवा."

नातू खाली बघायला लागला. बाई मात्र म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर काढेनात.

"आणि काका, तुम्ही घेता रोज गोळी?"

"सूर्य चुकेल एखादे दिवशी, मी नाही! तो पडदा बघा की."

पडद्यावर पहिल्याच ओळीत चार ठिपके होते. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चारही हिरवे. बाईंनी मान डोलावली, डबी स्वतःकडे ओढली आणि सोमवारचं झाकण उघडलं. आत गोळी. मंगळवार, गोळी. बुधवार, गोळी. गुरुवारीही गोळी, जिथल्या तिथे.

मग त्यांनी शुक्रवारचं झाकण उघडलं. भिंतीवर पाचवा ठिपका उमटला, हिरवा.

"उद्याची गोळी आजच घेतलीत म्हणायची," बाई म्हणाल्या.

अकरा पोरांनी दोन वर्षं झाकणाचा अभ्यास केला होता. घशाचा कोणीच केला नव्हता.

"अहो, झाकण उघडबंद केलं की गप्प बसते ती," म्हातारा उत्साहाने म्हणाला. "गोळ्यांनी तोंड कडू होतं सगळं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं, पण पेन पर्समध्ये टाकलं नाही. उत्तराची वाट बघत होत्या. नातवाकडे उत्तरं असायची. ही जुनी डबी आहे, नवीनमध्ये सुधारणा केली आहे, काका जरा विसरभोळे आहेत, असं काहीही चाललं असतं.

पण नातू बाईंकडे बघतच नव्हता. त्याने चारही गोळ्या तळहातावर काढल्या. बोटाने एक-एक सरकवून पुन्हा मोजल्या. समोर म्हातारा डोळे मिचकावून खुणावत होता, तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता: काका म्हण, काका.

"चार दिवस?" नातू ओरडला. बाहेरच्या अकरा माना वर झाल्या. "काल जेवताना आईने विचारलं, तेव्हा घेतली म्हणालात! माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात! खोटं बोललात, आजोबा!"